प्लॅस्टिकच्या बाटल्यांना बॅरिअर कोटिंग: आधी गळती मोजा, मग लेप निवडा

बाटली कुठे फुटलेली नाही, झाकण घट्ट आहे, सील शाबूत आहे. तरी सहा महिन्यांनी माल वजनात कमी भरतो, लेबल सुटायला लागतं, बाटलीची पोटं आत ओढली जातात, नाहीतर तेलाला खवट वास मारतो. याला कारण एकच. प्लॅस्टिक पूर्ण हवाबंद कधीच नसतं. वायूचा किंवा द्रवाचा रेणू एका बाजूने प्लॅस्टिकमध्ये विरघळतो, पॉलिमरच्या साखळ्यांमधल्या फटींतून सरकत जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. त्यासाठी भोक लागत नाही. रेणू किती विरघळतो आणि किती वेगाने सरकतो, या दोहोंच्या गुणाकाराला पारगम्यता म्हणतात.

त्यामुळेच ‘चांगलं बॅरिअर प्लॅस्टिक’ (बॅरिअर म्हणजे रेणूंना अडवणारं) असं नुसतं म्हणण्यात अर्थ नाही. एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथीन) पाण्याची वाफ छान अडवतं, पण पेट्रोल, झायलीनसारखे हायड्रोकार्बन त्यात सहज मुरतात आणि ऑक्सिजनही बऱ्यापैकी आरपार जातो. पेट (पीईटी, पाण्याच्या पारदर्शक बाटल्यांचं प्लॅस्टिक) ऑक्सिजनच्या बाबतीत एचडीपीईपेक्षा कितीतरी सरस, पण पाण्याच्या वाफेला त्याच्यापेक्षा कमजोर. कोटिंगचंही तसंच आहे. प्रत्येक लेप कोणत्या तरी ठरावीक रेणूंविरुद्धच कामाचा असतो. म्हणून कोटिंग कोणतं घ्यायचं हा प्रश्न मी नेहमी मागे ठेवतो. काय जातंय, कुठून जातंय आणि किती गेलेलं चालेल, हे आधी ठरलं पाहिजे. बहुतेक पैसे वाया जातात ते हा क्रम उलटा केल्याने.

पायरी १: काय जातंय आणि कोणत्या दिशेने

एका कागदावर उत्पादनाचं नाव लिहा आणि खाली दोन रकाने करा: आत येऊन नुकसान करणारे पदार्थ आणि बाहेर गेल्याने नुकसान करणारे पदार्थ. खाद्यतेल, फळांचा रस, सॉस यांना आत येणारा ऑक्सिजन मारक. सोड्यासारख्या पेयात बाहेर जाणारा कार्बन डायऑक्साइड महत्त्वाचा. गोळ्या-कॅप्सूल आणि पावडरला आत येणारी वाफ. कीटकनाशकं, थिनर, इंधन यांत बाहेर जाणारं सॉल्व्हंट. अत्तर-सुगंधाच्या मालात सुवास बाहेर जातो, शिवाय तो भिंतीतही मुरतो. ही दुसरी गोष्ट पुढे कामाला येणार आहे, लक्षात असू द्या.

बाटलीचं पोट आत गेलेलं दिसलं की लोक भिंत पातळ आहे असं धरून चालतात. सॉल्व्हंटयुक्त मालाच्या एचडीपीई बाटलीत बहुधा वेगळंच घडतं. सॉल्व्हंट भिंतीत मुरून ती मऊ करतं, वाफ बाहेर जाते, वरच्या मोकळ्या जागेतला ऑक्सिजनही मालात शोषला जाऊ शकतो. आतला दाब उतरतो आणि मऊ झालेली भिंत आत बसते. तिथे ऑक्सिजन अडवणारं कोटिंग लावून हाती काही लागत नाही.

पायरी २: किती चालेल, याचा हिशेब

हा हिशेब एकदा हाताने करून बघा. धरा, ५०० मिलीची साधी पेट बाटली आहे आणि झाकणासकट तिच्यातून दिवसाला ०.०४ सीसी ऑक्सिजन आत येतो. या आकाराच्या बाटलीला हा आकडा वास्तवाला धरून आहे. ५०० मिली पेयात १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) ऑक्सिजन म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ०.३५ सीसी. तो नऊ दिवसांत आत येतो. तुमचा माल ३ पीपीएमपर्यंत सोसतो आणि तुम्हाला १८० दिवस हवेत असं समजा. मग १.०५ भागिले १८०, म्हणजे दिवसाला ०.००५८ सीसीची मुभा. सध्याच्या मानाने सात पट सुधारणा हवी.

आता त्या ०.०४ पैकी ०.००३ एकट्या झाकणातून येतंय असं धरा. कोटिंगने झाकण सुधारत नाही. मग भिंतीच्या वाट्याला उरतात ०.००२८ सीसी. भिंतीचं आजचं ०.०३७ तिथवर आणायचं तर तेरा पट सुधारणा लागते. झाकणातून ०.००६ येत असेल, तर जगातलं कोणतंही कोटिंग लावा, १८० दिवस मिळणार नाहीत. झाकणाचा लायनर (आतली चकती) बदलणं किंवा तोंडावर इंडक्शन सीलची फॉइल लावणं हे अशा वेळी कोटिंगच्या आधी येतं. खर्चही बहुधा कमीच.

तापमान विसरू नका. प्लॅस्टिक आणि रेणू यांच्या बऱ्याच जोड्यांत १० अंश सेल्सिअस वाढले की पारगम्यता अंदाजे दुप्पट होते. २३ अंशांना मोजलेला आकडा घेऊन तापलेल्या गोदामाचा हिशेब करू नये.

पायरी ३: भिंत आणि झाकण वेगवेगळं मोजा

सॉल्व्हंट किंवा पाणी बाहेर जात असेल तर महागडं यंत्र लागत नाही, चांगला तराजू पुरतो. पाच बाटल्या कोटिंग नसलेल्या, पाच कोटिंग केलेल्या, आणि त्याच मापाचं तोंड असलेल्या पाच काचेच्या बाटल्या घ्या. सगळ्यांना तेच झाकण, तोच लायनर आणि टॉर्क मीटरवर तोच पीळ. काचेतून काही जात नाही, त्यामुळे काचेच्या बाटलीचं घटलेलं वजन म्हणजे निव्वळ झाकणाची गळती. तेवढं वजा केलं की भिंतीचा आकडा हाती येतो. त्या मापाची काच मिळाली नाही, तर काही प्लॅस्टिक बाटल्यांच्या तोंडावर ॲल्युमिनियमची चकती इपॉक्सीने चिकटवून झाकणाचा वाटा बाद करता येतो. शिवाय एक-दोन बाटल्या कोरडी वाळू भरून ठेवा. तराजू आणि हवेतला ओलावा यांमुळे होणारा वजनाचा चढउतार त्यांच्यावरून कळतो.

सॉल्व्हंटच्या डब्यांसाठी ५० अंश सेल्सिअसला २८ दिवस ही रूढ पद्धत आहे. इथे एक इशारा. साध्या ओव्हनमध्ये ज्वलनशील द्रव ठेवणं म्हणजे स्फोटाला निमंत्रण. ठिणगीरहित, हवा खेळती असलेला कक्षच हवा. तो नसेल तर खोलीच्या तापमानाला जास्त दिवस ठेवा.

दर आठवड्याला बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग वजन करा आणि आलेख काढा. सुरुवातीला रेषा जवळजवळ सपाट दिसते. त्याने हुरळून जाऊ नका. सॉल्व्हंट भिंतीत शिरतंय, पण पलीकडे पोचलेलं नाही, म्हणून एकूण वजन तेवढंच राहतं. भिंत भरली की रेषा खाली वळते आणि मग एकसारखी उतरत जाते. त्या एकसारख्या उताराचाच आकडा धरायचा. पहिल्या दहा दिवसांचा अहवाल दाखवून ‘गळती शून्य’ म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडून पूर्ण आलेख मागून घ्या.

ऑक्सिजनसाठी मात्र प्रयोगशाळा गाठावी लागते. अख्ख्या कोरड्या बाटलीची चाचणी एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एफ १३०७ नुसार होते. डी ३९८५ ही सपाट फिल्मची चाचणी आहे, तिच्यावरून बाटलीचा खांदा, तळ आणि तोंड यांबद्दल काहीच समजत नाही. चाचणी किती आर्द्रतेला केली हे अहवालात लिहून घ्या. का, ते पुढच्या पायरीत.

पायरी ४: लेपाची निवड

विक्रेते एक आकडा पुढे करतात: बीआयएफ, म्हणजे लेपाने पारगम्यता किती पट कमी झाली. हा आकडा लेपाचा एकट्याचा नसतो, लेप आणि खालची भिंत यांच्या जोडीचा असतो. भिंत आणि लेप एकामागोमाग एक अडथळे असतात आणि त्यांचे विरोध एकमेकांत मिळवले जातात. उदाहरण घ्या. १ मिमी जाडीच्या एचडीपीई भिंतीतून दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ६० सीसी ऑक्सिजन जातो, आणि एखाद्या लेपातून एकट्याने ८ सीसी. दोन्ही मिळून १ भागिले (१/६० अधिक १/८), म्हणजे सुमारे ७. सुधारणा साडेआठ पट. तोच लेप ०.३ मिमीच्या पेट भिंतीवर लावा, जिच्यातून मुळातच सुमारे ६ सीसी जातात. आता एकूण ३.४, सुधारणा जेमतेम पावणेदोन पट. लेप तोच, जाडी तीच. म्हणून विक्रेत्याला विचारायचं ते लेपाच्या स्वतःच्या पारगम्यतेबद्दल. दुसऱ्याच्या बाटलीवरचा बीआयएफ तुमच्या हिशेबात चालत नाही.

पाण्यात विरघळणारा पीव्हीओएच (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) आणि त्याचा भाऊबंद ईव्हीओएच (इथिलीन विनाइल अल्कोहोल) हे कोरड्या स्थितीत ऑक्सिजनला अफाट अडवतात. ओलावा शोषला की साखळ्या सैल पडतात आणि अडवण्याची ताकद झपाट्याने ओसरते. ५० टक्के आर्द्रतेला झकास दिसणारा लेप ८५-९० टक्क्यांना निरुपयोगी ठरू शकतो. बाटलीत पाणीदार पेय असेल तर आतून येणारी वाफही बाहेरच्या लेपापर्यंत पोचते, हे बरेच जण विसरतात. अशा लेपावर ओलावा रोखणारा दुसरा थर हवाच.

पीव्हीडीसी (पॉलिव्हिनायलिडीन क्लोराइड) ऑक्सिजन आणि वाफ दोन्ही अडवतो आणि आर्द्रतेने फारसा डगमगत नाही. लावल्यावर त्याचे स्फटिक बनायला काही दिवस लागतात, कोमट जागेत ठेवला तर लवकर बनतात. त्यामुळे लावल्या दिवशीच चाचणी केली तर आकडा उगाच वाईट येतो. त्याची अडचण क्लोरिनची आहे. पुनर्वापराच्या भट्टीत तो तापून हायड्रोजन क्लोराइड सोडतो आणि पेटचा माल पिवळा-काळा पाडतो. पेट बाटलीला पीव्हीडीसी लावायचा असेल तर खरेदीदाराला आधी विचारा.

दोन घटकांचा इपॉक्सी-अमाइन लेप पेटवर बाहेरून फवारतात, कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनसाठी. घटक मिसळल्यानंतर भांड्यातच तो घट्ट होत जातो, म्हणून लागेल तेवढाच कालवायचा.

काही लेपांत माँटमोरिलोनाइट किंवा व्हर्मिक्युलाइटसारख्या मातीचे अतिपातळ पत्रे असतात. रेणूला प्रत्येक पत्र्याला वळसा घालून जावं लागतं, वाट लांबते. १९६७ सालच्या नील्सन यांच्या सूत्राने, जाडीच्या १०० पट लांबीचे पत्रे आकारमानाने ५ टक्के असतील तर पारगम्यता साधारण पावपटीवर येते. अट एवढीच की पत्रे आडवे झोपलेले हवेत. घाईने वाळवलं की ते वेडेवाकडे उभे राहतात आणि हिशेब कागदावरच राहतो.

सिलिकॉन ऑक्साइड आणि हिऱ्यासारख्या कार्बनचे थर ही वेगळी जात. निर्वातात प्लाझ्मा पेटवून बाटलीच्या आतून हा थर बसवतात. जाडी मायक्रॉनमध्येही नाही, काही दहा नॅनोमीटर ते शे-दीडशे नॅनोमीटर एवढीच. सिलिकॉन ऑक्साइडसाठी हेक्सामिथाइलडायसिलोक्सेन आणि ऑक्सिजन वापरतात, कार्बनच्या थरासाठी ॲसिटिलीन. कार्बनच्या थराने बाटलीला हलकी पिवळसर-तपकिरी झाक येते. थर इतका पातळ असतो की पुनर्वापरात सहसा अडचण करत नाही. मात्र तो ठिसूळ असतो. सोड्याच्या बाटलीची भिंत दाबाने ताणली जाते, आणि थर काही टक्क्यांपलीकडे ताणला की त्याला तडे जातात. ही यंत्रं मोठ्या उत्पादनाचीच, छोट्या कारखान्याने आयत्या कोटिंग केलेल्या बाटल्या घेणं शहाणपणाचं.

फ्लोरिनेशन आणि सल्फोनेशन हे खरं तर लेपच नव्हेत, ते पृष्ठभागाचं रासायनिक रूपांतर आहे. फ्लोरिनेशनमध्ये नायट्रोजन मिसळलेला फ्लोरिन वायू एचडीपीईच्या पृष्ठभागावरचे हायड्रोजन काढून त्यांच्या जागी फ्लोरिन बसवतो. झायलीन, पेट्रोल यांसारख्या अध्रुवीय सॉल्व्हंटना हे उत्तम. अल्कोहोल, ॲसिटोन यांना तेवढं नाही, आणि ऑक्सिजनसाठी तर हा मार्ग धरूच नये. फ्लोरिन जीवघेणा वायू आहे, हे काम त्याच्या खास कारखान्यातच होतं. आणखी एक गोष्ट माहीत असावी. २०२० च्या अखेरीपासून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला फ्लोरिनेट केलेल्या एचडीपीई डब्यांतून मालात पीएफएएस (सहज नष्ट न होणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) उतरत असल्याचं आढळलं. संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेले बंदीचे आदेश मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केले. ते कायद्याच्या मुद्द्यावर, त्यामुळे रसायन आपल्या जागी आहेच. अन्न, औषध, सौंदर्यप्रसाधन किंवा शेतीच्या मालासाठी असा डबा घेताना पीएफएएसचा चाचणी अहवाल मागा.

आतून की बाहेरून? बाहेरचा लेप लावायला सोपा, मालाला थेट लागत नाही, पण कन्व्हेयरच्या पट्ट्यावर घासतो. शिवाय माल भिंतीत मुरतोच. पहिल्या पायरीतला सुवास बाहेरच्या लेपाने बाहेर जायचा थांबेल, भिंतीत मुरायचा थांबणार नाही. सॉल्व्हंटच्या एचडीपीई डब्यावर बाहेरून लेप लावला तर आतून फुगलेली भिंत काही आठवड्यांत तो लेप सोडून देते. तिथे उपाय आतूनच.

पायरी ५: पृष्ठभागाची तयारी

कोटिंग फसतं ते बहुतेक वेळा इथे. उपचार न केलेल्या एचडीपीई आणि पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरू देण्याची ताकद, दर मीटरला ३० मिलिन्यूटनच्या आसपास असते, पेटची ४० च्या थोडी वर. पाण्यात बनवलेला लेप नीट पसरायला निदान ४२ तरी हव्यात. डाइन पेनने (ठरावीक आकड्याची शाई भरलेल्या चाचणी-पेनने) बाटलीवर रेघ ओढा. दोन सेकंद ती अखंड राहिली तर त्या आकड्याला पृष्ठभाग पास, थेंबाथेंबात तुटली तर नापास. रेघ फक्त सपाट पोटावर ओढून समाधान मानू नका, खांदा, तळाची कड आणि हँडलच्या आतली बाजूही तपासा. नापास बहुधा तिथेच सापडतं.

गोल आणि वळणदार बाटल्यांना ज्योतीचा उपचार सर्वांत सोयीचा. ज्योत निळी हवी, हवा थोडी जास्त. पिवळी ज्योत काजळी धरते. आतला निळा सुळका बाटलीला टेकवायचा नाही, त्याच्या टोकाच्या किंचित पुढे बाटली फिरती ठेवायची आणि क्षणात पुढे सरकवायची. उपचाराचा परिणाम टिकाऊ नसतो. प्लॅस्टिकमधली घसरण आणणारी द्रव्यं, उदाहरणार्थ इरुकामाइड, दिवसागणिक पृष्ठभागावर येतात आणि पेनचा आकडा उतरत जातो. ज्योत आणि फवारणी एकाच ओळीत असावी, निदान एकाच पाळीत. साच्याला सिलिकॉनचा स्प्रे मारणारा कामगार असेल तर आधी तो डबा काढून घ्या. सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही आणि तो पुसूनही पुरता जात नाही.

पायरी ६: लावणं आणि वाळवणं

जाडीचा हिशेब सोपा आहे: ओली जाडी गुणिले घन पदार्थाचं आकारमान. ४० मायक्रॉन ओला थर, घन पदार्थ २० टक्के, तर वाळल्यावर ८ मायक्रॉन. एकाच हाताने जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. पहिल्या थरातलं सूक्ष्म छिद्र आणि दुसऱ्यातलं छिद्र नेमकं एकावर एक येण्याची शक्यता फार कमी.

छिद्रं येतात ती मुख्यतः बुडबुड्यांमुळे. लेप जोरात घुसळू नका, गाळून घ्या, थोडा वेळ बसू द्या. फोर्ड कपातून (तळाला ठरावीक भोक असलेल्या कपातून) लेप वाहायला लागणारे सेकंद रोज टिपून ठेवा, पाणी उडून लेप घट्ट होत जातो ते त्यातूनच कळतं. बाटली बुडवून काढत असाल तर तळाशी थेंब साठतो आणि कडांवर थर पातळ होतो, म्हणून निथळताना फिरवत राहा. आट्यांवर लेप जाऊ देऊ नका. नाहीतर झाकणाचा पीळ बदलतो आणि पायरी २ मधला सगळा हिशेब कोसळतो.

भट्टीचा काटा जपून. पेट ७५ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतो, त्यामुळे बाटलीचं अंग ६०-६५ च्या वर जाऊ नये. भट्टीच्या हवेचा आकडा वेगळा आणि बाटलीच्या अंगाचा वेगळा. अंगाचा मोजा. हवा खेळती ठेवली की कमी तापमानालाही पाणी निघून जातं.

पायरी ७: तपासणी, तीही छळून

कोऱ्या बाटलीवर सगळेच लेप पास होतात. आधी आडव्या-उभ्या चिरा पाडून टेप ओढण्याची एएसटीएम डी ३३५९ चाचणी करा. पीव्हीओएच असेल तर बोरिक आम्ल घातलेलं आयोडीनचं द्रावण फिरवा: लेप निळा-हिरवा रंगतो आणि सुटलेली जागा फिकी राहते. दोन मिनिटांत फवारा कुठे पोचला नाही ते दिसतं.

मग काही बाटल्या खऱ्या मालाने भरा, पट्ट्यावरून फिरवा, खोक्यात घालून वाहतुकीचे हादरे द्या, ठरलेल्या उंचीवरून पाडा, दमट खोलीत दोन आठवडे ठेवा. फेसाळ पेय असेल तर दाबाने बाटली फुगू द्या. एवढं सोसलेल्या बाटल्यांची पारगम्यता मोजा आणि तोच आकडा करारात लिहा. फरक मोठा आला तर बाहेरच्या लेपावर संरक्षक थर द्यावा लागेल किंवा लेप आत न्यावा लागेल.

अन्नाला लागणाऱ्या लेपासाठी स्थलांतराची (लेपातली द्रव्यं अन्नात किती उतरतात याची) चाचणी वेगळी करावी लागते. युरोपीय संघाच्या १०/२०११ नियमात एकूण स्थलांतराची मर्यादा दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम आहे. ज्या बाजारात माल विकायचा तिथला नियम आधी वाचा.

चालू उत्पादनात प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या तारखेसकट बाजूला ठेवा आणि त्यांतल्या दोन-तीन तराजूच्या चाचणीला लावा. राळेचा (कच्च्या प्लॅस्टिकचा) ग्रेड, रंगाचा मास्टरबॅच (प्लॅस्टिकमध्ये मिसळायचे रंगाचे दाणे), साचा, झाकणाचा लायनर यांतलं काहीही बदललं की पायरी ३ पुन्हा पहिल्यापासून करायची, पुरवठादार ‘तेच आहे’ म्हणाला तरी.